गोणी कुणी आणली

माझे दीर दहा महिने रानात एकटे राहिले. हे मी म्हणत नाही, पुस्तकात छापलेलं आहे. मी फक्त त्या पुस्तकातल्या वेलांट्या आणि उकार तपासले, कारण तोच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. एकवीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. औषधांची माहितीपत्रकं, शाळांचे अहवाल, निवृत्त माणसांची आत्मचरित्रं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यातल्या त्यात माहितीपत्रकं मला बरी वाटतात. त्यात निदान दुष्परिणाम लिहिलेले असतात.

घरात आम्ही तिघं. नवरा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन आहे; पहाटे पाचला तो चावी फिरवतो तेव्हा चार वस्त्यांच्या नळांना पाणी येतं. सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. चाकाच्या खुर्चीत बसवलं तर बसतात, पण बसवायला दोन माणसं लागतात. डोकं शाबूत आहे, जीभ तर त्याहून. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे माझे दीर. वय सेहेचाळीस, बिनलग्नाचे, विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा एका खोलीचा फ्लॅट. महिन्यातून एकदा आमच्याकडे जेवायला यायचे, आईच्या खाटेपाशी पाच मिनिटं उभे राहायचे आणि खोलीला वास येतो म्हणून खिडकी उघडून जायचे.

नवऱ्याला मी 'तो' म्हणते आणि दिरांना 'ते'. आदरार्थी बहुवचन कुणाला लागतं आणि आदर कुणाला वाटतो, यांचा व्याकरणात काही संबंध नाही.

एका रविवारी ते वेगळ्याच चेहऱ्याने आले. मी बेडपॅन घेऊन मोरीकडे निघाले होते, तर दारातच अडवून म्हणाले, "वहिनी, मला आतून हाक येतेय."

"आतून आईंचीही येतेय," मी म्हटलं. "जरा बाजूला व्हा."

जेवताना सगळं बाहेर आलं. शेवटच्या बसथांब्यापासून साडेतीन तासांच्या चढावर एका बंद पडलेल्या लाकूड कंपनीची फळ्यांची खोपी होती. ती कुणाकडून तरी त्यांनी मिळवली होती. बिनपगारी रजा मंजूर झाली होती, बूट घेऊन झाले होते, कुऱ्हाडही. कुऱ्हाड कशासाठी हवी असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा यांनी "स्वतःला शोधायला" असं उत्तर दिलं. हे त्यांनी स्वतः अभिमानाने सांगितलं. दुकानदाराने ती कागदात गुंडाळून जरा लांबूनच दिली असणार.

आईंनी एकच विचारलं, किती दिवस. ते म्हणाले की दिवस मोजणं हेच तर त्यांना सोडायचंय. त्यामुळे मोजायचं काम आईंकडे आलं.

एकांताला बटाटे लागतात, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. बसथांब्यावरच्या चहावाल्याकडून फोन आला की शिधा संपलाय. तेव्हापासून दर तिसऱ्या शनिवारी माझा नवरा दुपारची बस धरायचा. पाठीवर गोणी असायची. तांदूळ, डाळ, बटाटे, तेल, रॉकेल, मेणबत्त्या, कोऱ्या वह्या आणि आईंनी पडल्या पडल्या विणलेले पायमोजे. नवऱ्याचं वय चौपन्न, उजवा गुडघा आधीच कुरकुरणारा. दोन दिवस त्याच्या जागी व्हॉल्व्ह फिरवायला तो कुणाची तरी मनधरणी करायचा, आणि मी आईंना उचलायला शेजारणीची. रविवारी संध्याकाळी तो परत आला की गरम पाण्यात पाय बुडवून बसायचा आणि वरच्या बातम्या सांगायचा. म्हणजे चुलीचं धुराडं तुंबलं होतं ते साफ केलं. फळ्यांच्या फटी बुजवल्या. लाकडं फोडून ठेवली, कारण कुऱ्हाडीचा दांडा भाऊजींच्या हाताला लागतो. एकदा म्हणाला, धाकट्याला खिडकीत अस्वल दिसलं म्हणून दोन रात्री झोप नाही. हा बाहेर जाऊन बघतो तर वरच्या कुरणातलं कुणाचं तरी काळं घोडं. डब्याच्या झाकणावर चमचा वाजवला तसं निघून गेलं.

सातव्या महिन्यात नवरा रविवारी परतला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी रात्र व्हायच्या आत आला तो दाढी वाढलेला आणि अंगाला आंबूस वास येणारा. वर गेला तेव्हा चूल विझलेली होती, आणि भाऊजी तापाने फणफणलेले, घाणीत पडलेले. चार दिवस त्याने त्यांना पुसलं, कपडे ओढ्यावर धुतले, पेज करून चमच्याने पाजली. इकडे बदली माणूस सोमवारी आलाच नाही, आणि दोन वस्त्यांचे नळ कोरडे राहिले. नवऱ्याला नोकरीतला पहिला मेमो मिळाला. नोकरीच्या बाविसाव्या वर्षी. तो त्याने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि कपडे धुताना मला सापडला.

दहा महिन्यांनी भाऊजी उतरले. दाढी छातीपर्यंत, डोळ्यांत काहीतरी लांबचं बघितल्याचा भाव, आणि आठ वह्या. आठही वह्या माझ्या नवऱ्याने वर नेलेल्या आणि त्यानेच खाली आणलेल्या.

आमच्या छापखान्याचे मालक पुस्तकंही काढतात. एकट्या माणसाचं पुस्तक खपतं, असं त्यांचं गणित आहे, कारण ज्यांना घरात एक मिनिट एकटं मिळत नाही असे लोक ते विकत घेतात. नाव ठरलं 'माझ्यापुरतं रान'. भाऊजींनी हस्तलिखितात त्या खोपीला कुठे कुटी म्हटलं होतं, कुठे आश्रयस्थान, कुठे केबिन. केबिन मी सरसकट काढा असं सुचवलं. आमच्याकडे केबिन म्हणजे मालकांची काचेची खोली, तिथे माणूस एकटा गेला की बोलणी खाऊन बाहेर येतो.

मुद्रितं तपासायची जुनी पद्धत अशी की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील कागद बघायचा. हल्ली दुसरा माणूस कोण देतो? मी कागद घरी आणायचे आणि आई वाचायच्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती, आणि आवाज तर शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. दुपारी उशांना टेकून त्या वाचायच्या, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं म्हणून. मुलाच्या अक्षराला पहिल्या दिवशीच त्यांनी शंभरातले पस्तीस दिले.

पान सदतीसवर त्या आल्या. वाचलं: "मागे सोडून यावं, असं माझं कोणीच नव्हतं, पूर्णविराम."

मग थांबल्या. मी कागदावरून मान वर केली नाही. हिंमतच झाली नाही. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"नव्हतंवर अनुस्वार दिलाय का छपाईवाल्यांनी?" आईंनी विचारलं.

"दिलाय."

"ठीक. नवा परिच्छेद."

त्यानंतर पुस्तकाने काहीच सोडलं नाही. अस्वल आलं. त्याच्या डोळ्यांत भाऊजींना आपलंच आदिम रूप दिसलं, साडेचार पानं. ताप आला. चार दिवस ते मृत्यूशी एकटेच बोलले आणि पाचव्या दिवशी इच्छाशक्तीच्या बळावर उठले. घोड्याला अस्वल केलेलं मी समजू शकते, घोड्याची काही तक्रार नसते. पण एकशे बाराव्या पानावर आईंचा आवाज पुन्हा अडला. तिथे लिहिलं होतं: "अधूनमधून खालच्या गावातला एक म्हातारा हमाल यायचा. गोणी ओढ्यापाशी टाकून, एक शब्दही न बोलता, मान खाली घालून परत जायचा. त्याच्या त्या मुक्या डोळ्यांत मला रानाचंच शहाणपण दिसे."

माझ्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. समासात मी प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं, 'हमाल? तपासावे.' मुद्रितशोधकाला एवढाच अधिकार असतो. त्या आठवड्यात मी अशी एकसष्ट प्रश्नचिन्हं काढली. मालकांनी बोलावून सांगितलं की ते साहित्य आहे, विजेचं बिल नाही.

मी ते पान दडवणार होते. नवरा पुस्तकं वाचत नाही, पण रोज चहा पिताना विचारायचा, किती झालं, आणि माझं काही आलंय का त्यात. असं विचारताना तो कपात बघायचा. मी सांगायचे, अजून त्या पानापर्यंत पोचले नाही.

आईंनी मात्र पुढच्या रविवारी भाऊजींना जेवायला बोलावलं आणि ताटं आपल्या खाटेपाशीच मांडायला लावली. जेवण अर्ध्यावर आल्यावर त्यांनी उशीखालून तो कागद काढला आणि मुलाच्या हातात दिला. वाच, म्हणाल्या. भाऊजी खूश झाले, घसा साफ केला आणि वाचायला लागले. वरचे दोन परिच्छेद झकास वाचले. हमालाशी आले तेव्हा त्यांचा वेग एकदम कमी झाला. शिकलेला माणूस आहे, न वाचता थांबता आलं असतं. पण समोर आई, आणि ती शिक्षिका. मुक्या डोळ्यांपर्यंत त्यांनी कसंबसं रेटलं.

माझा नवरा जेवतच होता. घास गिळला, पाणी प्यायला.

"ओढ्यापाशी नव्हतो टाकत," तो म्हणाला. "आत आणून ठेवायचो. ओढ्यापाशी ठेवली असती तर तांदूळ भिजले असते."

बस्स. एवढंच. मला वाटलं होतं तो ताट सारून उठेल, निदान एक शिवी देईल. मला त्या क्षणी त्याचाही राग आला. इतक्या सज्जनपणाचं करायचं काय?

भाऊजी म्हणाले, दादा, ते तू नाहीस, ते एक प्रतीक आहे. नवऱ्याने मान डोलावली आणि प्रतीक म्हणजे काय ते विचारलं नाही.

मग आई बोलल्या. "मी तुझ्याकडे राहायला येते."

"माझ्याकडे?" भाऊजी हसले. "आई, माझ्याकडे बघायला कोण आहे? मी एकटा."

"म्हणूनच. पान सदतीसवर लिहिलंयस, तुझं कोणीच नाही. मग मी आले तरी तुझा एकांत मोडायचा नाही. दहा महिने ठेव. नंतर बघू."

त्यांनी खूप कारणं दिली. फ्लॅट लहान आहे, पुस्तकाचं काम आहे, अशा कामाची त्यांना सवय नाही. आईंनी प्रत्येक कारण ऐकून घेतलं, जसं उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचं ऐकतात, आणि मला बॅग भरायला सांगितली. नवरा म्हणाला, आई, कशाला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. चार दिवसांनी टेम्पो आला. खाट, कमोडची खुर्ची, औषधांचा डबा आणि आई, असं सगळं लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेलं. निघताना आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की झोप जरा.

मी झोपले. लाज वाटते सांगायला, पण सलग तीन दुपारी झोपले. चौथ्या दुपारी उठून रिकाम्या खोलीत जाऊन बसले आणि मुद्रितं एकटीनेच वाचली, स्वल्पविराम, पूर्णविराम, मोठ्याने. भाऊजींना नावं ठेवता ठेवता मला आठवलं की त्या दहा महिन्यांत मलाही कितीदा आतून हाक आली होती. फक्त मला खोपी कुणी दिली नव्हती, आणि गोणी आणणारा तर घरातच होता.

पुस्तक छापून आलं. एकशे बारावं पान मी आधी उघडलं. भाऊजींनी दुरुस्ती केली होती. हमाल काढूनच टाकला होता. आता पुस्तकात शिधा आपोआप येतो. चाळीसाव्या पानावर बटाटे संपतात आणि बेचाळिसाव्या पानावर ते बटाटे सोलत बसलेले असतात. एवढ्या मोठ्या रानात कुणालाच हे खटकलं नाही. महिन्याभरात दुसरी आवृत्ती निघाली.

नवऱ्याला मी ते पान दाखवलं. त्याने बोट ठेवून सावकाश वाचलं आणि मग त्याला हायसं वाटलं, चक्क. म्हणाला, बरं झालं. चार दिवस न सांगता गेलो होतो, साहेबांच्या हाती पुस्तक पडलं असतं तर पुन्हा चौकशी. त्या दिवशी मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

मालकांनी वाचनालयाच्या सभागृहात भाऊजींचं भाषण ठेवलं. विषय एकांत. दुपारी चारची वेळ, दीडशे खुर्च्या भरलेल्या, मागच्या दोन खुर्च्यांत नवरा आणि मी. पहिल्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत आई, कारण त्यांना ठेवून येण्यासारखं भाऊजींचं खरोखरच कोणी नव्हतं. तेवढ्यापुरतं आईंना सांभाळाल का, असं आम्हाला त्यांनी विचारलं नव्हतं. मानी माणूस. आईंना एकट्याने खुर्चीत कसं बसवलं असेल, कोण जाणे. आईंच्या स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली होती.

भाऊजी छान बोलले, बोलतातच. शांततेला किती थर असतात ते सांगत होते. तिसऱ्या थरावर होते तेव्हा आईंनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा, करंगळी उभी करून. मागे कुणीतरी हसलं. भाऊजींनी पाहिलं नाही असं दाखवलं. आईंनी हात खाली घेतला नाही. मी उठणार, तेवढ्यात नवऱ्याने माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच त्याने मला कुठे जाण्यापासून अडवलं असेल.

भाऊजी थांबले. माफ करा, असं माइकमध्ये म्हणाले, खाली उतरले आणि खुर्ची ढकलत दाराबाहेर गेले. बावीस मिनिटं ते आले नाहीत. मालक काचेचा पेला भरत आणि रिकामा करत राहिले. दीडशे माणसं एकांताची वाट बघत बसली होती. परत आले तेव्हा भाऊजींच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि चष्म्यावर पाण्याचे थेंब. चौथा थर त्यांना आठवला नाही. त्यांनी दोन-तीन वाक्यं जुळवली, सगळ्यांचे आभार मानले आणि संपवलं. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं की दहा महिने तुम्ही खाल्लंत काय. त्यांनी ओला चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, भाऊ आणून द्यायचा. नवरा माझ्या शेजारी बसून बुटाची लेस बांधत होता. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. एका वाक्याने हुरळून जाण्याइतकी मी भोळी नाही. पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीतही बटाटे आपोआपच येतात.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. भिंतीवर कुऱ्हाड टांगलेली, खाली कमोडची खुर्ची. खोलीला तोच वास, खिडकी उघडी. भाऊजींची दाढी गेली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आई झोपल्या होत्या. पाठीवर लालसर चट्टा दिसायला लागला होता. मी जे काय म्हणायचं ते म्हटलं, आणि हलक्या आवाजात म्हटलं नाही.

ते ऐकून घेत उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही हे कसं करत होतात?"

वीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सांगायला लागले. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला एकही सुरकुती ठेवायची नाही. ओलं राहू द्यायचं नाही, आणि घासून पुसायचं नाही, टिपायचं. भाऊजींनी टेबलाच्या खणातून कोरी वही काढली आणि पेनचं टोपण उघडलं.

"ती ठेवा आत," मी म्हटलं. "तिकडून चादरीचं टोक धरा. दोन्ही हातांनी. मी तीन म्हटलं की तुमच्याकडे ओढायचं."

त्यांनी वही ठेवली आणि टोक धरलं. चुकीचं धरलं होतं. मी दुसरीकडे जाऊन त्यांची बोटं सोडवली, अंगठा आत घालून नीट धरायला लावली आणि माझ्या बाजूला परत आले. आईंनी डोळे न उघडताच विचारलं, कोण आहे. भाऊजी म्हणाले, वहिनी आहेत. मी तीन म्हटलं.